नातेलाची मुदत

निकाल लागला तेव्हा सगळ्या मैत्रिणी नाचल्या, नातेला मात्र कॅलेंडर बघत बसली. जॉर्जियातल्या कुटाइसीहून जर्मनीतल्या ब्रेमेनला ती माती तपासायचं शास्त्र शिकायला आली होती. आता शिक्षण संपलं, आणि विद्यार्थी म्हणून मिळालेला तिथे राहायचा परवानाही उन्हाळ्यात संपणार होता.

सकाळी ती एका बेकरीत पाव विकायची. मालकाने तिला कायम करायची तयारी दाखवली. ती हुरळून विद्यापीठातल्या सल्लागाराकडे, फोल्कर्टकडे गेली.

“पाव विकण्यावर राहायचा परवाना मिळत नाही, बाई,” तो म्हणाला. “त्याला शिक्षणाच्या तोलाचं काम लागतं.”

ती तिथून उठली ती काही न विचारताच. रात्रीची झोप उडाली. दारावरची घंटा वाजली तरी आपल्याला न्यायलाच आले, असं वाटायचं.

घरमालकीण हायड्रूनला पोरीचा उतरलेला चेहरा बघवेना. तिने खोदून सगळं विचारून घेतलं. “आमचा मुलगा डेटलेफ आहे ना, बिनलग्नाचा! कागदापुरतं लग्न लाव, परवाना मिळव आणि मोकळी हो.”

“आणि उद्या परवान्याच्या कचेरीत कुणी विचारलं, नवऱ्याला चहा कसा आवडतो, तर?”

“तो चहा पीतच नाही. बियर पितो!”

नातेलाला हसू आलं, पण लगेच डोळे भरले. “नको हो. आत्ता परवान्याची भीती आहे, मग खोटेपणाची लागेल.”

“मग त्या सल्लागाराचं अर्धं ऐकून पळून का आलीस? जा परत!”

ती गेली. फोल्कर्टने कपाळावर हात मारला. “पुढचं ऐकायला थांबली असतीस तर! पदवीनंतर काम शोधायला दीड वर्षाचा परवाना मिळतो. तोवर पाव वीक, नाहीतर भांडी घास. फक्त जुना संपायच्या आत अर्ज कर.”

अर्ज मंजूर झाला. नोकरी काही मिळेना. नकारांमागून नकार येत गेले. हिवाळा सरत आला तेव्हा दलदलीकडच्या एका गावातल्या माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेने मुलाखतीला बोलावलं.

“पुढच्या वर्षी तुम्ही इथे असाल?” तिथल्या बाईंनी विचारलं.

नातेला खरं तेच बोलली, “तुम्ही काम दिलंत तर असेन.”

बाईंनी काम दिलं.

नव्या परवान्याचं कार्ड हाती आल्यावर ती आईला भेटून आली. परतताना विमानतळावरच्या अधिकाऱ्याने ते उलटसुलट करून पाहिलं. तो “या” म्हणाला, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.