वेल्ह्याच्या दूध केंद्रातलं फर्मवेअर

वेल्ह्याला लोक तोरणा चढायला जातात. मी गेलो सर्व्हरसाठी, तेही आमच्या साहेबांनी पिटाळलं म्हणून. तालुक्यात ब्रॉडबँड नुकतं पोचलं होतं तेव्हाची गोष्ट.

आमची कंपनी एका दूध संघाचे कॉम्प्युटर सांभाळायची. वेल्ह्याच्या केंद्रातल्या सर्व्हरमध्ये एक छोटं कार्ड होतं. मशीन बंद असलं तरी पुण्यात बसून त्या कार्डातून ते सुरू करता यायचं. कार्डाला फक्त वीज आणि लाइन हवी. आमच्या लोकांनी पुण्याहूनच त्याचं फर्मवेअर, म्हणजे कार्डाला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, बदलायला घेतलं आणि मध्येच कार्डानं मान टाकली.

सकाळी बाईक काढली. शिवऱ्याजवळ मिसळ खाल्ली. तर्री मागून घ्या, आपणहून कोणी वाढत नाही. आधी कापूरहोळवरून भोर गाठलं, कारण संघाचं मुख्य ऑफिस तिथं. मॅनेजरांनी चहाही न विचारता सांगितलं, "आज जमलं तर ठीक, नाहीतर मशीन उचलून भोरला आणतो. वेल्ह्याची जागाच वाईट आहे."

मागं फिरून नसरापूरवरून वेल्ह्याचा रस्ता धरला. पेट्रोल हायवेवरच भरा. मार्गासनीच्या पुढं खड्डे चुकवण्याच्या नादात डावीकडचा राजगड बघायचा राहून जातो.

केंद्रात दोघं होते, ऑपरेटर सलमा मुलाणी आणि शिपाई दगडूमामा. सलमानं दारातच विचारलं, "सर, व्हईल ना? मशीन भोरला गेलं तर माझी नोकरी गेली. तिथं त्यांची मानसं हायती. हितं दुसरं काम न्हाई."

"मामा, संध्याकाळी केंद्र बंद करताना काय काय करता?" मी विचारलं.

"काय करनार? मशीनला उदबत्ती लावतो, नमस्कार करतो आन मेन बंद."

"आणि यूपीएस?"

"त्येबी. दिसभर राबतंय बिचारं. त्याला इसावा नगं?"

मी कपाळावर हात मारला. केंद्र बंद झालं की कोणाला त्रास नको, म्हणून आमच्या शहाण्यांनी नेमकी तीच वेळ निवडली होती आणि इथं एक फोन करायचंही कोणाला सुचलं नव्हतं. फर्मवेअर बदलताना वीज गेली की कार्ड ना जुनं राहतं ना नवं.

मग बरोबर आणलेल्या सीडीवरून पुन्हा सुरुवात केली. अर्ध्यावर आलो आणि दुधाचा टेम्पो आला. थंड करायची मोटर सुरू झाली तसे दिवे मंद झाले. सलमा डोळे मिटून पुटपुटत होती. मामा मेनला पाठ लावून उभे. "कोन हात लावतंय बगतोच!"

हिरवा दिवा लागला. पुण्याच्या ऑफिसातून मित्राचा फोन आला, "दिसतंय रे!" सलमा एकदम हसायलाच लागली. तिनं डब्यातली तांदळाची भाकरी आणि घेवड्याची भाजी पुढं केली. नको म्हणायचा प्रश्नच नव्हता. रात्रीही मेन चालू ठेवायचा, हे मात्र मामांना पटवताना नाकी नऊ आले.

परत येताना पाबे घाट घेतला. चढ उभा, रस्ता अरुंद, उजेडातच उतरा. घरी येऊन रिपोर्ट लिहिला: जागेत दोष नाही, पुण्याहून सगळं चालतं. मशीन वेल्ह्यातच राहिलं.

काही आठवड्यांनी एका सकाळी लाइन तुटली. केंद्रात फोन लावला, मामांनी उचलला.

"सलमाताईंना द्या."

"त्या न्हाईत आता. पुण्यास्नं समदं व्हतंय तर हितं मानूस कशाला, म्हनले भोरचे सायेब."

लई वाईट वाटलं, अजून वाटतं. वेल्ह्याबद्दल कोणी विचारलं की मी रस्ता सांगतो, मिसळ सांगतो, घाट सांगतो. भोरच्या मॅनेजरांनी तर आमच्या साहेबांना मुद्दाम फोन करून कळवलं होतं, "तुमच्या पोरानं काम एकदम चोख केलं."