कळशीवरचं नाव

मला आयुष्यात एकही खेळ धड खेळता आला नाही. शाळेत लंगडी घालतानासुद्धा मी तोंडावर पडायचो. तरी सांगलीतल्या आमच्या घराची माडीवरची खोली खेळाडूंच्या बक्षिसांनी गच्च भरलेली आहे आणि त्यातलं एकही माझं नाही. चित्रकलेचा मास्तर म्हणून निवृत्त झालो तेव्हा लोकांना वाटलं, आता मास्तर निवांत चित्रं काढत बसतील. मी भांडी गोळा करतच राहिलो.

हो, भांडीच. आमच्याकडे कुस्तीचं मैदान असो की जत्रेतली कबड्डी, एके काळी जिंकणाऱ्याला भांडं मिळायचं. त्याच्याही आधी फेटा आणि नारळ. फेटा विरून जायचा, नारळ तर त्याच दिवशी फुटायचा. भांडं मात्र घरात राहायचं, रोजच्या वापरात यायचं, पोचे पडले तरी त्यावरचं नाव वाचता यायचं. मोठ्या कुस्तीला तांब्याची घागर, पोरांच्या कुस्तीला पितळी तांब्या, हरलेल्याची समजूत घालायला एखादं ताट. पुढे शिल्डं आली, सोनेरी मुलामा दिलेले प्लास्टिकचे कप आले. आता तर मोटारसायकल देतात. मोटारसायकल ठेवायला माझ्याकडे जागा नाही आणि त्या कपांना मी हात लावत नाही. ज्यातून चहा पिता येत नाही तो कप कसला!

ही भांडी मला मिळतात मोडीत. घरात लग्न निघालं की जुनं तांबं-पितळ पोत्यात भरून भांड्यांच्या दुकानात द्यायचं आणि त्या बदल्यात नवं घ्यायचं, ही आपली जुनी रीत. दुकानाच्या मागच्या बाजूला त्या मोडीचा ढीग पडलेला असतो. त्यातली बरीचशी भट्टीत जाते. ती जायच्या आधी मी पोचतो. सांगली, मिरज, कराड, सातारा, सगळीकडचे दुकानदार मला ओळखतात आणि मी दिसलो की एकमेकांकडे बघून डोळे मिचकावतात. मी ढिगाशेजारी पोतं अंथरून बसतो आणि एकेक भांडं उजेडात धरून वाचतो. नाव, गाव, कुठल्या मैदानात मिळालं ते. बिननावाचं भांडं मी बाजूला सारतो. ज्याचा मालक माहीत नाही ते भांडं मला नुसतंच भांडं वाटतं.

नाव सापडलं की मी त्या गावाला जातो. एकदा औंधच्या पलीकडे एका गावात असाच एक तांब्या घेऊन गेलो. घरातली सून म्हणाली, "आवं, तसली लय हुती. अडगळ नुसती. दिली मोडीत." कट्ट्यावर तिचे सासरे बसले होते, कान अगदी चिरमटलेले, जुन्या पैलवानांचे असतात तसे. त्यांनी तांब्या हातात घेतला, पोटाशी धरला आणि समोरचा गडी कुठल्या डावावर पडला ते सांगत बसले. तासाभरानं म्हणाले, "घिऊन जावा. हितं ऱ्हायला तर परत जाईल." मी त्यांच्या सुनेला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. मग मान खाली घालून बाहेर पडलो, कारण त्या सुनेला बोलायचा मला काहीच अधिकार नव्हता.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायको म्हणायची, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. काय हरवलंय तुमचं त्या ढिगात?" मी म्हणायचो, हौस. ती हौस नव्हती. मी तीसएक वर्षं एकच कळशी शोधत होतो. माझ्या बहिणीची.

अक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. खो-खो खेळायची. खेळायची म्हणजे काय, वाऱ्यासारखी सुटायची. सूर मारून गडी बाद करायची आणि गुडघे फोडून घरी यायची. आई हळद लावता लावता शिव्या द्यायची, की हे गुडघे बघून कोण करून घेणार तुला. एका वर्षी तालुक्याच्या सामन्यांत सगळ्यात चांगली खेळाडू म्हणून तिला पितळी कळशी मिळाली. ती तिनं डोक्यावर घेऊन गावातून चालत आणली. मी मागून तिच्या चपला घेऊन चाललो होतो.

वर्षभरात तिचं लग्न ठरलं, साताऱ्याकडचं स्थळ. तेव्हा सगळ्यांना स्टीलचं वेड लागलं होतं. आमच्या वडिलांनी, आप्पांनी, घरातलं पितळ पोत्यात भरायला घेतलं. मी पोत्याचं तोंड धरून उभा होतो. फळीवरच्या कळशीकडे बोट करून ते म्हणाले, "ती बी टाक." मी टाकली. अक्का दारात उभी होती. खरं सांगायचं तर मला सायकलवर पोतं बांधून आप्पांबरोबर सांगलीला जायला मिळणार याचाच आनंद झाला होता. दुकानात कळशी ढिगावर पडली तेव्हा मी बाहेर भडंग खात होतो.

आठवड्यानं लग्न झालं. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहिलं आणि सगळ्यांना पेढे वाटले. तेव्हापासून ती सासरच्यांना त्या नावाची आणि मला अक्का. आई-आप्पा गेल्यावर तिला जुन्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही.

मागच्या वर्षी अक्काचा आजार कळला. मिरजेच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता थोडे महिने. दर तीन आठवड्यांनी ती साताऱ्याकडून उपचाराला यायची आणि दोन दिवस आमच्याकडे राहायची. मला घाई झाली. पुढच्या दोन महिन्यांत मी जेवढे ढीग उपसले तेवढे आधी कधी उपसले नसतील. कळशी मिळाली नाही. ती केव्हाच वितळून कुठल्या तरी नळाची तोटी झाली असणार, हे न कळण्याइतका मी खुळा नाही.

मग मी लबाडी केली. त्याच घाटाची एक जुनी, कोरी कळशी आणली आणि मिरजेत छिन्नी-हातोडीनं नावं घालणारे एक म्हातारे कारागीर उरलेत, त्यांच्याकडून तिच्यावर अक्काचं माहेरचं नाव घालून घेतलं. मग आमचं आडनाव, खो-खो. अक्षरं नवी दिसू नयेत म्हणून चार दिवस त्यावर चिंच आणि राख चोळत बसलो.

पुढच्या खेपेला दुपारच्या जेवणानंतर अक्काला हाताला धरून माडीवर नेलं. खुर्चीत बसवलं आणि कळशी तिच्या मांडीवर ठेवली.

"सापडली," मी म्हणालो. "कराडला. मोडीत."

तिनं कळशीवरून हात फिरवला. डोळ्यांना कमी दिसत होतं. म्हणाली, "काय लिवलंय, वाच."

मी वाचलं. इतक्या वर्षांत ते नाव माझ्या तोंडातून पहिल्यांदाच निघालं. तिनं अक्षरांवर बोट टेकवलं. मग म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं. तिनं डोळे मिटले होते. मला वाटलं, जिंकलो. आणि मग ती हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली.

"माझ्या कळशीवर नाव न्हवतं रं," ती म्हणाली. "कोरीच दिली हुती. नाव ज्यानं त्यानं घालून घ्यायचं. मी आप्पांच्या लय मागं लागले. त्ये म्हणले, आता नगं. वर्षा-दोन वर्षांत लग्नात नाव बदलंल, मग नवंच घालू. उगं दोनदा कशाला?"

मी खाली जमिनीवर बसलो. तीस वर्षं मी ढिगांत तिचं नाव वाचत होतो. कुणा-कुणाची नावं वाचून वाचून माझ्या डोक्यानंच त्या कळशीवर नाव घातलं होतं, आणि बिननावाची कळशी दिसली की मी ती बाजूला सारत होतो. किती सारल्या असतील देव जाणे. त्यात ती असेलही.

"ही मग कुणाची?" तिनं विचारलं.

"तुझीच. मीच नाव घातलं."

"कवा?"

"गेल्या महिन्यात." आणि मला रडू फुटलं. म्हातारपणी माणूस फार वाईट रडतो, नाकानं. "अक्का, ती मी टाकली पोत्यात. माझ्या हातानं."

"ठावं हाय की. मी दारातच हुते." तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "कळशीचं काय न्हाई. पितळच ते. खेळायचं गेलं, त्याला लय रडले. सासरी पहिल्या वर्साला पाणी आणाय जाताना शाळेचं मैदान लागायचं. पोरी खेळत असायच्या. मी दुसऱ्या वाटेनं जायची."

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. आमच्या सगळ्या गप्पा तब्येत, पाऊस, ऊस आणि भाच्याची बदली यातच संपायच्या.

जाताना ती कळशी घेऊन गेली. गाडीत मांडीवर धरून बसली होती. बायको म्हणाली, मागं ठेवा, जड होईल. अक्का म्हणाली, "असू दे. नाव छान घातलंय."

त्यानंतर ती एकदाच आली आणि मग नाही आली. तेराव्याला मी जाऊन आलो. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, कळशी कुठं दिसली नाही आणि मी विचारलंही नाही.

आठवड्यानं भाच्याचा फोन आला. तो फौजेत आहे, रजा संपायच्या आत आईचं सामान आवरत होता. तिची लुगडी, भांडी कुणाकुणाला द्यायची होती.

"मामा, फळीवर एक पितळी कळशी हाय," तो म्हणाला. "आई रोज पुसायची म्हणं. त्यावर कुणा बाईचं नाव हाय, आन आडनाव तुमचं हाय. तुमच्यातली दिसती कुणीतरी. पाठवून देऊ का? कोण हो ही?"

"तुझी आई," मी म्हणालो.

तो माझ्या वयाला सांभाळून घेत, हळू आवाजात म्हणाला, "न्हाई, आवं मामा." आणि त्यानं मला माझ्या बहिणीचं सासरचं नाव नीट, सावकाश समजावून सांगितलं.