गणपतीच्या तोंडावर बिऱ्हाड

रत्नागिरीत बिऱ्हाड करायचं, हा हट्ट माझा होता. पहिल्या खेपेला मी खाडीपलीकडे सासरी होते. ऐन श्रावणात कळा सुरू झाल्या, खाडीला उधाण, तरीची होडी बंद. सुईणीने जमेल तेवढं केलं, पण मुलगी जगली नाही. पुन्हा दिवस गेले तेव्हा मी ह्यांना सांगून टाकलं, की हे बाळंतपण दवाखाना आणि नर्स आहे त्याच गावात होईल. माहेरी जावं तर आई माझ्या लहानपणीच गेलेली. हे रत्नागिरीच्या कचेरीत कारकून, एका मित्राच्या ओसरीवर पथारी टाकून राहणारे. त्या पगारात दोन खोल्या आणि विहिरीचं पाणी मिळालं तरी पुष्कळ होतं.

वैशाखाच्या उन्हात आम्ही दारोदार हिंडलो. घरमालकिणी आधी गाव विचारत, मग मासळी खाता का ते विचारत आणि मग त्यांची नजर माझ्या पोटावर येई.

"दिवस कधी भरतात?"

"भाद्रपदात."

झालं! लगेच ती खोली कुणा भाच्यासाठी राखून ठेवलेली निघे. घराघरातले पुरुष मुंबईला, ते वर्षाकाठी चतुर्थीला येणार, आणि ऐन गणपतीत त्याच छपराखाली बाळंतिणीचा विटाळ कुणाला हवा असतो? मला त्यांचं म्हणणं कळत होतं आणि तरी संताप येत होता. देवाला जागा होती, माझ्या पोराला नव्हती.

"पुढच्या घरी जरा सांभाळून सांग," हे म्हणाले.

"म्हणजे काय? पोट घरी ठेवून येऊ?" मी म्हटलं.

शेवटी गावाच्या टोकाला चिऱ्याच्या एका घरात मागच्या दोन खोल्या मिळाल्या. मालकीण म्हातारी विधवा, एकुलता मुलगा मुंबईला गिरणीत. तिने माझं सगळं ऐकून घेतलं.

"ऱ्हा गो बाय," ती म्हणाली. "पण चवथीच्या आधी दुसरीकडं जायाचं हां. माझा पोरगा देवाचा लय कडक हाय."

भाडं परवडणारं होतं. आम्ही लगेच हो म्हटलं. अडला हरी दुसरं काय करणार? गणपतीपुरती ह्यांनी कचेरीतल्या एका सोबत्याकडे सोय करून ठेवली.

हरतालिकेच्या सकाळी आम्ही निघायचं ठरलं होतं. गाठोडी बांधून झाली आणि माझ्या कळा सुरू झाल्या. हे नर्सला आणायला धावले. म्हातारीने एका शब्दाने विचारलं नाही की आता कसं करायचं. तिने चुलीवर पाणी चढवलं आणि माझ्या पाठीशी येऊन बसली. नर्स वेळेवर पोचली आणि दुपारी मुलगी झाली. ती रडली, चांगली खणखणीत रडली, आणि मी हात जोडले.

मग पडवीतून मायलेकांचं बोलणं ऐकू आलं. मुलगा आदल्या दिवशीच आला होता. गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची माटवीही बांधून तयार होती.

"आता गो आये? मूर्ती आणायची काय नाय?"

"नाय. मूर्तीच्या शाळेत निरोप धाड. म्हणावं, औंदा आमच्यात सोयर हाय, मूर्ती माघात न्हेऊ."

"आमच्यात कसं? सोयर भावकीचं धरतात. ती भाडेकरीण!"

रीतीने त्याचं खरं होतं. परक्याच्या बाळंतपणाचं सोयर घरमालकाला लागत नाही. आमचं दार बंद करून गोमूत्र शिंपडलं असतं, तर त्याचा गणपती ठरल्या जागी बसला असता. वर्षभर त्या एका दिवसासाठी राबलेला माणूस तो. मला त्याचीही कीव आली. ओल्या बाळंतिणीला आता घराबाहेर काढतात की काय, एवढंच मनात येत होतं.

"माज्या घरात पोर झालं," म्हातारी म्हणाली. "सोयर माजंच."

तो उठून निरोप द्यायला मूर्तीच्या शाळेकडे गेला.

तिने ते सोयर पुरं पाळलं. देवाला हात लावला नाही, शेजारच्या आरतीला गेली नाही. आयाबाया हसत, "भाडेकरणीचं सोयर कुणी धरतं काय गो?" ती ऐकून घ्यायची आणि माझ्या मुलीच्या अंगाला तेल लावत बसायची. मी भिंतीकडे तोंड करून पोटभर रडले. एवढ्या घरांनी नको म्हटलेली माझी लेक कुणीतरी आपल्या भावकीत धरली होती.