शिरोळच्या रस्त्यावर काळी गाडी बंद पडली, त्याचं खरं कारण

उशिरा लिहितोय, माफी असावी. टूर होऊन तीन आठवडे झाले, सगळ्यांचे फोटो ग्रुपवर टाकून झाले. मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा पुसलं... शिक्षण सातवीपर्यंतचं, त्यात मन थाऱ्यावर नाही.

त्या शनिवारी सकाळी आपल्या जुन्या गाड्यांच्या क्लबाची टूर कोल्हापुरातून निघाली. पहिला मुक्काम नृसिंहवाडी, दुसऱ्या दिवशी मुरगूडकडून फिरून परत. अकरा गाड्या होत्या, त्यात आमची काळी गाडी.

आमची म्हणतो, पण गाडी डॉक्टरांची. मी एकतीस वर्षं तिचा मिस्त्री. डॉक्टर गेले, आता गाडी त्यांच्या मुलीकडे, वैशालीताईंकडे आहे. निघायच्या आदल्या दिवशी ताई म्हणाल्या, "मिस्त्रीकाका, ही टूर नीट झाली तर गाडी ठेवते. वाटेत रुसली तर पुण्याचे एकजण मागतायत, त्यांना देऊन टाकते. मला आता हे झेपत नाही."



ताई चालवत होत्या, मी शेजारी. सगळे बाहेरचं शिवार बघत होते आणि माझा जीव बॉनेटखाली. जरा कुठं आवाज बदलला की श्वास रोखून कान लावायचो. हातकणंगल्याजवळ ताईच म्हणाल्या, "काका, श्वास घ्या की!"

जयसिंगपूरला नाष्टा होता. मिसळ समोर आली, ती तशीच राहिली. दर दोन मिनिटांनी उठायचं, गाडीला एक चक्कर मारायची, परत येऊन बसायचं... असं माझं चाललं होतं.

तिथून निघालो आणि शिरोळच्या रस्त्यावर जेमतेम किलोमीटरभर गेलो असू. गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली. दोन्ही बाजूंना ऊस, रस्ता अरुंद, मागं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर.

ट्रॅक्टरवाला वरूनच ओरडला, "ओ पावणं, बैल आणू काय?"

पेठ वडगावचे आण्णा, क्लबातले सगळ्यात जुने मेंबर, आपली गाडी लावून चालत आले. "मिस्त्री, म्हातारी दमली की हो! का तुम्हीच दमलाय?" सगळे हसले. मीपण हसलो आणि बॉनेट उघडलं.

गाडी ढकलून कडेला घेतली. ऊन चढलं होतं, म्हटलं पेट्रोलचा पंप तापला असणार. ओलं फडकं गुंडाळून बघितलं. प्लग काढून पुसले, पॉइंट घासले. अर्धा तास गेला. ताई लांब उभ्या राहून फोनवर बोलत होत्या. पुण्याचाच फोन असणार, असं माझ्या मनानं घेतलं...

शेवटी पोतं अंथरून गाडीखाली शिरलो. आणि बघतो तर पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीकडून येणाऱ्या नळीची तोटी, बंद!

तो कॉक मीच बसवलेला. एकदा उभ्या गाडीला आग लागलेली बघितली होती, तेव्हापासून गाडी थांबली की पेट्रोल बंद करायचं ही माझी सवय. डॉक्टर स्टार्टर मारायच्या आधी न चुकता विचारायचे, "मिस्त्री, कॉक?" आता विचारणारं कुणी नाही. जयसिंगपूरला त्या चकरा मारताना कधीतरी मी खाली हात घालून तो बंद केला आणि उघडायचा राहिला. कार्बोरेटरमध्ये होतं तेवढं पेट्रोल संपलं आणि गाडी थांबली.

झोपल्या झोपल्याच कॉक उघडला. बाहेर आलो, गाडी सुरू झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आण्णांनी विचारलं, "काय झालतं हो?"

माझ्या तोंडून गेलं, "नळीत कचरा आलता."

आण्णा ताईंना म्हणाले, "जुन्या गाडीचं असंच असतंय. आज कचरा, उद्या आणि काय." ताई नुसतं "हो ना" म्हणाल्या. म्हणजे गाडी पुण्याला जाणार, असं मी धरून चाललो.

नृसिंहवाडीपर्यंत डोक्यात एकच चाललं होतं. खरं सांगितलं तर असला मिस्त्री कोण ठेवील? आणि गप्प बसलो तर गाडी जाणार, तीही खोट्या आळानं.

दर्शन झालं. घाटावर ताईंनी बासुंदीचा कप पुढं केला, तो मला घेववेना. म्हटलं, "ताई, कचरा नव्हता. कॉक मी बंद केलता. गाडीचा काय दोष न्हाय."

ताईंनी कप पायरीवर ठेवला. मग म्हणाल्या, "आण्णांसमोर का नाही बोललात?"

"लाज वाटली."

"आणि आता नाही वाटत?"

"वाटत्या की. पण गाडी जाईल ह्याचं भ्या त्याहून जास्त हाय."

दुसऱ्या दिवशी मुरगूडकडचा सगळा रस्ता गाडी एकदाही खोकली नाही. मी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. कोल्हापुरात मला दारात सोडताना ताई एवढंच म्हणाल्या, "बघते काका. कळवते."

म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितोय. आण्णा, तुम्हीपण वाचा. गाडी चांगली आहे, चूक मिस्त्रीची होती. हे त्याच दिवशी रस्त्यावर सांगायला पाहिजे होतं.

ताई, त्या दोन दिवसांत तुम्ही कुणाजवळ माझं नाव काढलं नाही, हे उपकार मी विसरणार नाही. पण आता काय ते सांगून टाका. तीन आठवडे गाडी एका जागी उभी असेल तर बॅटरी उतरली असेल, टायर बसले असतील, उंदरांनी वायरी कुरतडल्या असतील... सगळं डोळ्यापुढं येतं. फोन करायला धीर होत नाही. दुसरा मिस्त्री बघितला असेल तर मला वाईट वाटणार नाही. वाटेल, पण चालेल. फक्त गाडी आहे का गेली, एवढं लवकर कळवा.