हारुका-सानचं पहिलं मत आणि माझी ग्लू स्टिक

तुम्ही म्हणाल, ही अबोल मुलगी, ही कसला घोळ घालणार? ऐका तर मग! मी एकीचं पहिलंवहिलं मत चिकटवून टाकलं. हो, चक्क चिकटवून!

हारुका-सान कॉलेजात शिकतात आणि इथे जपानात, हिगाशी-कसाईला आमच्या घरी मला जपानी शिकवायला येतात. त्यांचं नाव अजून गावच्या मतदारयादीत. म्हणून त्यांनी तिकडे अर्ज पाठवला आणि निवडणूक जाहीर झाल्यावर मतपत्रिका पोस्टाने आली. परवा त्या पाकीट नाचवतच आल्या.

"आजच वॉर्ड ऑफिसात जाऊन मत देणार! तिथून ते पोस्टाने रविवारच्या आत गावी पोचायला हवं."

"मग इथेच लिहा ना," मी म्हटलं.

"छे! अधिकाऱ्यांसमोरच लिहायचं. आधी लिहिलं तर बाद."

एवढं सांगून त्या आईकडे पोळ्या लाटायला शिकायला गेल्या. पाकीट मात्र माझ्यासमोर, टेबलावर. खरं सांगा, तुम्ही डोकावला नसता?

आत कोरी मतपत्रिका आणि एक बंद लिफाफा. त्यावर 'मतदाराचं प्रमाणपत्र' असं छापलेलं आणि खाली लाल अक्षरांत: 'उघडू नका. उघडल्यास मतदान करता येणार नाही.' उलटून बघते तर काय, झाकणाचा कोपरा सुटलेला!

माझ्याच नखाने सुटला? सांगायचा धीर होईना. दप्तरातून ग्लू स्टिक काढली, कोपरा चिकटवला. मग वरून एक थर. मग आणखी एक. सगळं पाकिटात कोंबलं आणि वर जाडजूड शब्दकोश ठेवला.

थोड्या वेळाने हारुका-सानचा आवाज आला, "ईशा-चान, माझी मतपत्रिका कुठे आहे?"

ती लिफाफ्याच्या पाठीला घट्ट चिकटली होती.

आई लाटणं घेऊनच बाहेर आली. "अगं, उघडलंस की काय ते?"

"नाही गं आई, बंद केलं!" मी रडकुंडीला आले.

आम्ही तिघी धावतच वॉर्ड ऑफिसात. चष्मेवाल्या अधिकाऱ्यांनी लिफाफा उजेडात धरला.

"कोपऱ्याला मुळात गोंदच लागलेला नाही. लिफाफा शाबूत आहे." मग त्यांनी मतपत्रिका हळूच ओढली. प्लास्टिकसारखा कागद तो, अख्खा सुटून आला! हारुका-सान आडोशाला जाऊन मत देऊनही आल्या.

मी खाली मान घालून अधिकाऱ्यांना विचारलं, "मी नियम मोडला का हो?"

त्यांनी लाल सूचना पुन्हा वाचली, अगदी गंभीरपणे. "नाही. 'उघडू नका' एवढंच लिहिलंय. 'चिकटवू नका' असं लिहायची वेळ आजवर आली नव्हती."

आणि त्यांनी ते वहीत टिपून घेतलं.