सेन्सॉरताई

सेन्सॉरताईच्या खानावळीत जेवल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढायची कुणाची बिशाद नव्हती. पांढरकवड्याच्या हायवेवर ट्रकवाल्यांना झुणका-भाकर वाढणारी ही बाई आम्हा चार फिल्मवाल्यांनाही त्याच धाकात ठेवी. “उपाशी माणसाले दुसऱ्याचं दुखणं समजत नाही. बसा आधी,” म्हणायची. मग आम्ही इतके सुस्तावायचो की सकाळचा पहिला शॉट दुपारी लागे.

नवऱ्याच्या मारातून बाहेर पडून नव्याने उभ्या राहिलेल्या बायकांवर मी माहितीपट करत होते. ताईचं डावं मनगट त्याच माराने मोडलेलं, वाकडं जुळलेलं. त्याच हाताने ती भाकरी अशी फिरवायची की आमचा कॅमेरामन फोकस विसरायचा. अशा बाईचा चेहरा अंधारात ठेवायची आमच्या धंद्यात रीत आहे. मी तसं म्हणताच ती उसळली. “तोंड माहं काहून झाकता? मी काय कोणाची कोंबडी चोरली?” दिवा तिनेच स्वतःकडे वळवून घेतला. काही आवडलं नाही की लगेच “कापा हे!” म्हणे. नाव पडायला तेवढं पुरलं.

मी तेव्हा नवी होते आणि खरं सांगायचं तर हावरट. मला तिचे अश्रू हवे होते. आडून आडून विचारलं. ती म्हणाली, “दहा वर्षं रडली मी, तवा तुमचा कॅमेरा कुठी होता? आता येत नाही रडू. थांबा, कांदे आणते.” आणि खरंच टोपलंभर कांदे चिरायला बसली. डोळ्यांतून धारा आणि तोंडाने ट्रकवाल्यांच्या नकला! हसून हसून आमची पोटं दुखली.

आता माझा शहाणपणा ऐका. एडिटिंगला बसल्यावर मी त्यातलाच, हसू नसलेला एक तुकडा उचलला, कांदे चौकटीबाहेर ठेवले आणि खाली सारंगी लावली. काय शॉट दिसत होता म्हणून सांगू!

कुणालाही दाखवण्याआधी फिल्म तिला दाखवायची, असं आमचं ठरलेलं. तो शॉट आला आणि ती खो खो हसली. मग हसू आवरून म्हणाली, “कापा हे. माह्या भावानं तीनदा मले सासरी वापस धाडलं. मी सांगाले लागली का म्हणे, वाढवून नको सांगू, बाई. अर्ध्यातूनच उठून जाये. त्यानं हे पाह्यलं तं म्हणन, पाहा, नाटकच करते.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शॉट काढला. त्यानंतर आजवर कुणाच्याही रडण्याखाली मी वाद्य लावलेलं नाही.

पहिला खेळ तिच्याच हट्टाने नेरजवळच्या तिच्या माहेरी झाला. विहाराच्या सभागृहात, भरदुपारी, खिडक्यांना चादरी लावून. ताई मुद्दाम भावाच्या शेजारी बसली. पडद्यावर ती मनगट कसं मोडलं ते सांगत होती, कोरड्या डोळ्यांनी, पीठ मळत. भाऊ ताडकन उभा राहिला. “पुरे कर, बाई,” त्याचा आवाज फुटला, “मीच धाडलं होतं तुले.” सगळे वळून बघायला लागले.

ताईने पडद्यावरची नजर न काढता त्याचा सदरा धरून त्याला खाली ओढलं. “बस. मागच्याइले दिसून नाही राह्यलं. अन् माहं बोलणं अजून संपलं नाही.”

तो बसला, आणि चादरी निघेपर्यंत उठला नाही.