आत्याच्या आहेरातल्या चिलमी

माझ्या लग्नात मी आत्याला आहेर म्हणून चिलमी दिल्या. लुगडं नाही, भांडं नाही, चिलमी. त्याबद्दल मी तेव्हा कुणाची माफी मागितली नाही आणि आजही मागणार नाही.

आई गेल्यावर वडिलांच्या घरात मला आत्यानंच वाढवलं. तरुणपणीच विधवा झालेली बाई. एरवी रोजानं शेतात राबायची, आणि मला डी.एड.ला घातलं तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. तिला नाद एकच, चिलमीचा. बाईमाणसानं चिलीम ओढणं गावाच्या डोळ्यांत खुपायचं, पण तिनं कुणाची भीड ठेवली नाही. मालकाच्या खळ्यावर गड्यांमध्ये चिलीम या हातातून त्या हातात फिरायची. आम्ही बौद्ध. आमच्या माणसांपाशी आली की ती थांबायची, आणि चिमूटभर तंबाखू वरूनच ओंजळीत पडायचा. म्हणून आत्या स्वतःची चिलीम कनवटीला घेऊन हिंडायची. मला त्याचा केवढा अभिमान होता!

माझं लग्न पाथरीच्या एका कारकुनाशी ठरलं. त्यांचे थोरले भाऊ सुधारक. हुंडा नको, वाजंत्री नको, मानपान नको. मला हे सगळं मनापासून पटलं. पण आमच्या घरची बोलणी आटोपून उठता उठता ते म्हणाले, "मंडपात व्यसन नको. त्या आत्याबाईंना जरा मागं बसवा. लोक नावं ठेवतात."

आत्या दाराआडून ऐकत होती. पाहुणे गेल्यावर तिनं चिलीम पाट्यावर आपटून फोडली.

"माझ्यापायी तुझ्या लग्नाला गालबोट नको," ती म्हणाली. "मी मंडपात येत न्हाई. चुलीपुढं बसून भाकरी करते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिनं मला उभं केलं ती चुलीपुढं, आणि परवा ओळख झालेले पुढच्या खुर्च्यांवर? मी चिलमीचे तुकडे रुमालात बांधले आणि बाजाराच्या दिवशी ताडकळसचा कुंभार गाठला.

"मामा, अशीच चिलीम करून पाहिजे. लग्नात आहेर द्यायचाय."

"लग्नाला लोक माठ न्यायलेत, पोरी. चिलमी कुणाच्या लग्नाला?"

"माझ्याच."

तो इतका हसला की चाकावरचं मडकं वाकडं झालं. मग त्यानं तुकडे जुळवून उन्हात धरले आणि विचारलं, "बाई डावरी हाय का?"

आत्या डावरीच होती. अंगठा टेकून टेकून एका बाजूची माती गुळगुळीत झाली होती, त्यावरून त्यानं ओळखलं होतं. "मंग तिच्या अंगठ्याजोगी खोबण ठेवतो," तो म्हणाला. "पाच करतो. आव्यात भाजताना किती टिकतील, आगीलाच ठाव."

तीन धड निघाल्या. चिलमीच्या बुडाशी गुंडाळतात तो ओला फडका, छापी, ती मी माझ्या लग्नाच्या पांढऱ्या पोलक्याच्या उरलेल्या कापडातून शिवली. शिवताना कुणी पाहिलं तरी लपवली नाही.

लग्नादिवशी वऱ्हाड येऊन बसलं, आणि मी चिलमींचं ताट घेऊन मंडपाच्या तोंडाशीच उभी राहिले. आत्या आल्याशिवाय पाऊल पुढं टाकणार नाही म्हणून सांगितलं. थोरले भाऊ लगबगीनं आले. ताटात बघून त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी तिच्या ओंजळीत वरून टाकलं," मी म्हटलं. "मी तिच्या हातात देणार आहे."

लग्न मोडलं असतं तर वडील खचले असते, हे मला कळत होतं. तरी मी हलले नाही. शेवटी नवरदेवच खुर्चीवरून बोलले, "दादा, उशीर व्हायलाय. आत्याबाईंना बोलवा की."

आत्या पिठाच्या हातांनी तशीच आली. मी सगळ्यांदेखत दोन्ही हातांनी तिला ताट दिलं. तिनं एक चिलीम उचलली, अंगठा बरोबर खोबणीत बसला, आणि तिचे डोळे भरले. तिनं ती पेटवली नाही. डाव्या मुठीत धरून ती पहिल्या रांगेत, थोरल्या भावांच्या शेजारी बसली.

पंचशील सुरू झालं. सगळे मागोमाग म्हणू लागले. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही. चारी शीलं आत्यानं मंडप दणाणेल अशा आवाजात म्हटली. पाचवं आलं, नशेच्या पदार्थांपासून दूर राहण्याचं, आणि तिनं तोंड मिटलं. पहिल्या रांगेतली ती शांतता सगळ्यांना ऐकू आली.

लग्न लागल्यावर थोरल्या भावांना राहवलं नाही. "आत्याबाई, पाचवं का न्हाई म्हणलं?"

"चवथं आत्ताच घेतलं की, खोटं बोलणार न्हाई म्हणून," आत्या म्हणाली. "लगेच कसं मोडू?"